मागचं कॅलेंडर

उत्तमराव काटकरांनी खोलीची बाहेरची कडी काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मांजरं फार झालीत, सर. उघडं राहिलं की आत शिरतात."

मी समजूतदारपणे मान हलवली. गिऱ्हाइकाच्या घरातल्या मांजरांविषयी मत द्यायचं नसतं, हे वडिलांनी मला कॅमेरा हातात देण्याच्याही आधी शिकवलं होतं. त्या घरात मला एकही मांजर दिसलं नव्हतं, पण मी काही मांजरांचे फोटो काढायला गेलो नव्हतो.

खोली घराच्या मागच्या अंगाला होती. एक खाट, एक लाकडी खुर्ची, एक गजांची खिडकी आणि भिंतीवर खतांच्या दुकानाने वाटलेलं, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. खाटेवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई पाय खाली सोडून बसल्या होत्या. हिरवं इरकल, तेल लावून चापून बसवलेले केस. सकाळचे दहा वाजले होते, आणि एसटी चुकू नये म्हणून माणसं स्टँडवर येऊन बसतात तशा त्या बऱ्याच आधीपासून तयार होऊन बसलेल्या दिसत होत्या.

"आई, फोटोवाले सर आलेत. तालुक्याहून. खांबेटे."

"कुठल्या खांबेट्याचा रं तू? शिक्क्यावाल्या?"

"त्यांचाच मुलगा, आजी."

"तुझ्या बापानं ह्या उत्तमच्या जावळाचा फोटू काढला हुता. मागं शिक्का मारून दिला हुता, तारखेसकट. अजून हाय माझ्याजवळ."

"त्यात मी रडतोय," उत्तमराव हसून म्हणाले. "लोक म्हणतात तेवढंच एकदा रडलो."

उत्तमराव हे बोलायला फार गोड माणूस. आवाज कधी चढत नसे. तीन दिवसांपूर्वी स्टुडिओत येऊन त्यांनी सांगितलं होतं, की आई यात्रेला निघाली आहे, जाण्याआधी तिचा एक चांगला मोठा फोटो काढून हवा आहे, घरीच या, गाडी पाठवतो. मी विचारलं, साइज काय करायचा? तर म्हणाले, "सध्या नुसता काढून ठेवा. साइजचं नंतर सांगतो." मुलाने आईसाठी एवढं करावं याचं मला कौतुक वाटलं. कौतुक वाटायला मला त्या काळात फार कमी लागत असे.

ही २००६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. वडिलांच्या 'खांबेटे फोटो स्टुडिओ'चं मी नुकतंच 'खांबेटे डिजिटल' करून टाकलं होतं. कर्ज काढून मोठा कॅमेरा आणि एक पन्नास मिलिमीटरची लेन्स घेतली होती, आणि शनिवार-रविवार 'डिजिटल फोटोग्राफी व एडिटिंग : दहा दिवसांत' असा क्लास चालवत होतो. क्लासला तीन शिक्षक, एक कंपाउंडर आणि एक निवृत्त स्टेशनमास्तर येत. त्यांना मी सांगायचो, की फोटोत तीनच गोष्टी असतात : माणूस, उजेड आणि पसारा. माणूस ठेवा, उजेड वळवा, पसारा विरघळवा. स्टेशनमास्तर हे वहीत लिहून घेत आणि खाली तारीख टाकत. त्यांच्या त्या तारीख टाकण्याला मी मनातल्या मनात हसत असे.

"आजी, खुर्ची इकडे खिडकीपाशी घेऊ या. बाजूने उजेड आला की चेहरा छान उठतो."

"मी हितं बसते," आजी म्हणाल्या, आणि स्वतःच खुर्ची उचलून कॅलेंडरच्या बरोब्बर खाली नेऊन बसल्या.

"तिथे मागे कॅलेंडर येतंय."

"यिऊ दे की."

मी उत्तमरावांकडे पाहिलं. त्यांनी हात पसरले. "म्हाताऱ्या माणसांचा हट्ट, सर. तुम्ही मागचं नंतर काढू शकता ना कॉम्प्युटरवर?"

"काढायची गरजच नाही," मी म्हणालो. आता ज्ञान पाजळायची संधी आली होती. "ही लेन्स लावली आणि हिचं तोंड पूर्ण उघडलं, की फक्त चेहरा नीट येतो. मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं."

"म्हंजी कॅलेंडर दिसायचं न्हाई?" आजींनी विचारलं.

"नावालाही नाही, आजी. बघाच तुम्ही."

आजींनी एकदा मान वळवून कॅलेंडरकडे पाहिलं. मला वाटलं, प्रभावित झाल्या.

उजेडाचा अंदाज घ्यायला मी कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स लावून, कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, ठेवून एक फ्रेम घेतली. खोलीत अंधारच जास्त होता, त्यामुळे शटर चांगलं अर्धा सेकंद उघडं राहिलं. नेमक्या त्याच वेळी आजी डोळे मिटून पदर सारखा करत होत्या. फ्रेम वाया. मी म्हणालो, "आजी, आता हलू नका," आणि भारी लेन्स चढवली.

पुढची वीस मिनिटं मी जे काम केलं, ते आजवर केलेल्यात उत्तम होतं, हे आजही म्हणेन. आजी खुर्चीतून उठायला तयार नव्हत्या, तेव्हा उत्तमरावांचं एक पांढरं धोतर मी खाटेवर पसरून उजेड चेहऱ्यावर परतवला. आजींना हनुवटी जराशी खाली घ्यायला लावली. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा एकेक चौकोनी ठिपका आला. डोळ्यात उजेडाचा ठिपका नसेल तर जिवंत माणूसही मेलेला दिसतो, हे माझं क्लासमधलं आवडतं वाक्य होतं.

एवढ्यात उत्तमरावांचा मोबाइल वाजला आणि ते बोलत अंगणात गेले. आजी हलल्या नाहीत. फक्त हात कमरेच्या पिशवीकडे गेला आणि घडी घातलेलं एक निळं आंतरदेशीय पत्र माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत पडलं.

"माझ्या लेकीचं हाय," त्या हळू म्हणाल्या. "मागं तिचा पत्ता. ह्यातला एक फोटू तिला धाड. आजच्या आज."

"उत्तमरावच देतील की त्यांना."

"त्यो न्हाई द्यायचा. तू धाड. पोस्टानं, हातानं नगं. आन् मागं शिक्का मार, तुझ्या बापाचा. तारखेचा."

"आजी, आता शिक्का लागत नाही," मी हसून म्हणालो. "या कॅमेऱ्यात तारीख फोटोच्या आतच लिहिली जाते. दिवस, तास, मिनिट, सगळं. कुणालाही खोडता येत नाही."

"आतली तारीख कुनाला दिसती?"

"कॉम्प्युटरला."

"माझ्या लेकीकडं न्हाई त्यो. तू शिक्का मार. एक तुझा हुईल, एक पोस्टाचा. दोन शिक्के झाले म्हंजी बास."

अंगणातून चपलांचा आवाज आला तशा त्या पुन्हा कॅमेऱ्याकडे बघत बसल्या. उत्तमराव दारातून म्हणाले, "झालं का, सर? चहा ठेवलाय बाहेर."

बाहेर पडताना मी मागे वळलो. आजी अजून त्याच खुर्चीत होत्या. उत्तमरावांनी दार ओढलं, कडी घातली आणि मग एकदा हलवून पाहिली.

"मांजरं," ते म्हणाले.

त्या आठवड्यात लग्नाची नऊ कामं होती. आजींचे तीन चांगले फोटो निवडून ठेवले, बाकीच्या फ्रेम कॉम्प्युटरवर 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या. निळं पत्र काउंटरच्या खणात गेलं. त्याच खणात वडिलांचा शिक्का होता. रबरी, तारखेची चाकं असलेला. ते दोघे तिथे शेजारी शेजारी राहिले. पाठवायचं माझ्या डोक्यात होतं. डोक्यात असणं आणि पोस्टात असणं यातला फरक मला पुढे कळला.

बावीस मेला, सोमवारी सकाळी, उत्तमराव स्टुडिओत आले. दाढी वाढलेली, अंगात पांढरा सदरा. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आई गेल्या."

मी उठून उभा राहिलो. "कधी? कसं झालं?"

"यात्रेतच. झोपेत गेल्या. भाग्यवान. तिकडेच सगळं उरकलं, दहावं, तेरावं. आता इथे गावात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा, एक पेपरला द्यायचा, आणि एक फ्रेम घरात. तुमचा तो फोटो कामाला आला बघा."

मी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. पडद्यावर आजी माझ्याकडे पाहत होत्या. दोन्ही डोळ्यांत ठिपके होते.

"वा," उत्तमराव म्हणाले. "मागचा तो डाग काढा, तो कॅलेंडरचा. निळं आभाळ टाका, खाली समई. नाव, सत्यभामा दाजी काटकर. आणि तारीख."

मी लिहून घेत होतो. "तारीख?"

"चार मे."

माझं पेन थांबलं. "चार?"

"चार."

"पण हा फोटो मी बारा तारखेला काढलाय, उत्तमराव. तुम्हीच गाडी पाठवली होती."

स्टुडिओत पंखा फिरत होता. उत्तमराव पडद्याकडेच बघत राहिले, चेहऱ्यावर तोच गोडवा.

"हा फोटो जुना आहे, सर. माझ्याकडे होता. तुम्ही फक्त साफ करून देताय."

"अहो, मी तुमच्या घरी..."

"तुम्ही लई लोकांच्या घरी जाता. लग्नसराई आहे. घोळ होतो माणसाचा." मग ते खुर्ची जरा पुढे ओढून, अगदी आपुलकीने म्हणाले, "सर, तुमचा स्वतःचा एखादा चांगला फोटो आहे का?"

"माझा?"

"फोटोवाल्यांचा कधी नसतो, मी बघितलंय. दुसऱ्यांचेच काढत राहतात. मग ऐनवेळी घरच्यांची धावपळ होते. काढून ठेवा एक." ते उठले. "चारला येतो न्यायला. संध्याकाळी चौकात लावायचाय."

ते गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बसून राहिलो. माझं शिक्षण बी.ए. तत्त्वज्ञान, त्याचा धंद्यात कधी उपयोग झाला नाही, त्या दिवशी थोडासा झाला. ज्याची आई खरोखर गेली आहे, त्याला ती कधी गेली हे ठरवता येत नाही. ज्याला मरणाची तारीख मागेपुढे करता येते, त्याच्या हातात अजून मरण नसतं. याचा अर्थ आजी कुठेतरी होत्या. आणि एकदा का चौकात, पेपरात आणि कागदावर त्या मेल्या, की त्यांचं कुठेतरी असणं ही उत्तमरावांची अडचण होणार होती. अडचणींचं उत्तमराव काय करतात, ते मी कडी हलवून पाहताना बघितलं होतं.

पोलिसांत जावं असं मनात आलं. ठाण्यातल्या साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मीच केला होता. त्यात 'शुभेच्छुक' म्हणून खाली डावीकडून पहिला गोल फोटो उत्तमरावांचा होता. त्यांच्या हनुवटीखालची वळी मी स्वतः काढली होती. जायचं तर हातात काहीतरी ठोस हवं होतं.

ठोस म्हणजे तारीख. ती तर फोटोच्या आतच होती. मी फाइलची माहिती उघडली.

०१/०१/२००५.

मी दुसरी फ्रेम उघडली. तिसरी उघडली. सगळीकडे तेच. बारा तारखेलाच सकाळी निघण्याआधी कॅमेरा साफ करताना मी त्यातली बारकी बॅटरी काढली होती. परत घातल्यावर कॅमेऱ्याने पडद्यावर तारीख विचारली होती, आणि मी घाईत नुसतंच ओके, ओके करत पुढे गेलो होतो. कुणालाही खोडता न येणारी तारीख मी मुळात लिहिलीच नव्हती. कॅमेऱ्याच्या मते हा फोटो दीड वर्षं जुना होता. उत्तमराव म्हणाले तसाच.

मग मी मागचं कॅलेंडर पाहिलं. चारशे टक्के मोठं केलं. एक लालसर ढग आणि त्याखाली एक करडा ढग. आकडा एक होता की नऊ होता की गणपती, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आजवर माझ्या हातून इतकं सुंदर विरघळलेलं कॅलेंडर झालं नव्हतं.

तेव्हा मला आजी खुर्ची उचलून तिथे का बसल्या ते कळलं. उजेड सोडून, माझं न ऐकता, त्या तारखेखाली जाऊन बसल्या होत्या. ते मी पुसलं. मग त्यांनी शिक्का मागितला. त्याला मी हसलो. मग पोस्ट म्हणाल्या, कारण पोस्टाचा शिक्का माझ्या हातात नव्हता, उत्तमरावांच्याही नव्हता. ते पत्र माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर खणात पडलं होतं. चौथी शिकलेल्या बाईने एका खोलीत बसून आपण जिवंत असल्याचे तीन पुरावे रचले होते, आणि तिन्ही मी माझ्या कलेने, यंत्राने आणि आळसाने निकालात काढले होते.

'कचरा' फोल्डर मी सहज म्हणून उघडला नाही. दुसरं काही उरलंच नव्हतं.

अंदाज घ्यायला काढलेली ती पहिली फ्रेम तिथे होती. साध्या लेन्सची. वाकडी. अर्ध्या चौकटीत नुसती भिंत, कोपऱ्यात खाटेचा पाय, मध्ये लहानशा आजी. क्लासमध्ये मी 'काय करू नये' म्हणून दाखवली असती. पण त्या लेन्समध्ये काही विरघळवायची ऐपत नव्हती, म्हणून सगळं जसंच्या तसं आलं होतं. गजांची सावली, भिंतीचा पोपडा. आजींच्या डोक्यावर जाड काळा आकडा : १२. खाली शुक्रवार. त्याखाली मे २००६. खतांच्या दुकानाचं नावसुद्धा वाचता येत होतं.

फक्त आजींचे डोळे मिटलेले होते.

सवयीने माझा हात माउसकडे गेला. चांगल्या फोटोतले डोळे कापून इथे बसवायचे, कडा मऊ करायच्या, रंग जुळवायचा, अकरा मिनिटांचं काम. गावातल्या निम्म्या लग्नांत मी लोकांचे डोळे असे उघडून दिलेत. मी डोळे कापलेही. आणि मग लक्षात आलं, की डोळे उघडले तर हा फोटो माझा होतो, आणि माझ्या फोटोत तारीख खरी असेल यावर कोण विश्वास ठेवील? आयुष्यात पहिल्यांदा मी एक फोटो आहे तसा सोडून दिला. त्याचा त्रास झाला.

प्रिंट काढली. वडिलांचा शिक्का खणातून घेतला. चाकं फिरवताना क्षणभर वाटलं, बारा तारीख लावावी. कुणाला कळणार होतं? पण पोस्टाची चाकं मला फिरवता येणार नव्हती, आणि दोन शिक्के एकमेकांशी भांडले असते. मी २२ मे लावली, शिक्क्याखाली 'फोटो १२ मेला काढला' असं पेनने लिहून सही केली, पाकिटावर निळ्या पत्रामागचा पत्ता उतरवला : सौ. कमल माने, इचलकरंजी. पोस्टात जाऊन रजिस्टर करून आलो. दुपारचे सव्वादोन वाजले होते.

परत येऊन मी उत्तमरावांचा फ्लेक्स केला. हे लपवण्यात अर्थ नाही. निळं आभाळ टाकलं, समई टाकली, चार मे टाकलं. ते चारला आले, फ्लेक्स उलगडून पाहिला.

"डोळे काय जिवंत आलेत," ते म्हणाले. "मानलं तुम्हाला."

तीन दिवस आजी चौकात रसवंतीच्या वर लटकून होत्या आणि येणारा-जाणारा हात जोडत होता. मी दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागलो.

चौथ्या दिवशी दुपारी पन्नाशीच्या एक बाई स्टुडिओत आल्या. खांद्याला कापडी पिशवी, चेहरा आजींचाच, फक्त उजेड कमी पडलेला. त्यांनी पाकीट काउंटरवर ठेवलं.

"हे तुम्ही पाठवलं?"

"तुम्ही कमलताई?"

"मला उत्तमदादाचा फोन आला एकवीसला. आई चार तारखेला गेली म्हणाला, अस्थीसुद्धा सोडल्या. मी म्हटलं, मग मला आज सांगतोस? तर म्हणाला, तुला दगदग नको." त्यांनी प्रिंट बाहेर काढली. "आणि तीन दिवसांनी हे आलं. सर, एकच विचारते, खरं सांगा. डोळे मिटलेत हिचे. तुम्ही ही गेल्यावर बसवून काढलीय का?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी तारखेत एवढा गुंतलो होतो, की भिंतीशी खुर्चीत बसलेली, डोळे मिटलेली म्हातारी लेकीला कशी दिसेल याचा विचारच केला नव्हता. मी म्हणालो, "नाही हो, त्या बोलत होत्या माझ्याशी."

"ते तुम्ही म्हणता."

बरोबर होतं. ते मी म्हणत होतो. मी प्रिंट हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि जे दहा वेळा चूक म्हणून पाहिलं होतं ते अकराव्यांदा पाहिलं.

"ताई, हा हात बघा."

"कुठला? इथे तर नुसता धूर आहे."

"तोच हात. कॅमेरा तिकाटण्यावर होता, म्हणून भिंत स्थिर आहे, खुर्ची स्थिर आहे, कॅलेंडर स्थिर आहे. शटर अर्धा सेकंद उघडं होतं. त्या अर्ध्या सेकंदात या खोलीत एकच गोष्ट हलली."

कमलताईंनी प्रिंट डोळ्यांजवळ घेतली. मग बोटाने त्या धुराची रेघ काढली, छातीपासून वर कानापर्यंत.

"पदर," त्या म्हणाल्या. "फोटोला बसली की ती पदर असा कानामागे घेते. आणि घेताना डोळे मिटते. लहानपणापासून बघते मी." त्या स्टुलावर बसल्या. "आठ तारखेला एसटीने येऊन तिने इथे तहसीलात अर्ज दिला होता, 'शेत माझ्या नावावर आहे, मी विकायला सही देणार नाही' म्हणून. मला पत्रानं कळवलं होतं. त्यानंतर पत्रच नाही."

"नऊपासून दाराला कडी असणार," मी म्हणालो. आता त्या चार तारखेचंही कोडं उरलं नाही. चारला मेलेल्या बाईचा आठचा अर्ज कोण वाचणार?

"तुम्ही कडी बघितली?"

"बघितली."

"काही बोलला नाहीत?"

मी मांजरांचं सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. इतकं स्वच्छ कुणी माझ्याकडे त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मी रोज लेन्स पुसणारा माणूस आहे.

त्या ठाण्यात गेल्या नाहीत. सरळ जिल्ह्याला गेल्या. फोटो, शिक्का, पाकीट, आणि बरोबर मी. माझी साक्ष घेताना तिथल्या अधिकाऱ्याने फोटो हातात घेऊन विचारलं, "एवढा खराब फोटो तुम्ही काढलात?" मी हो म्हणालो. तसं लिहून घेतलं गेलं.

सोळा दिवस लागले. आजी सापडल्या त्या दोन राज्यांपलीकडे, एका मठाच्या धर्मशाळेत, वेगळ्याच नावाने ठेवलेल्या. तिथल्या माणसाला पुढचे पैसे येईपर्यंत सांभाळायला सांगितलं होतं. पुढचे पैसे नाही आले तर काय, ते त्याने विचारलं नव्हतं आणि त्याला सांगितलंही नव्हतं. तोंडाने सांगून कुणी ऐकेना, तेव्हा आजींनी तिथेही पोस्टाचा डबा कुठे आहे असं विचारलं होतं. डबा नव्हता. त्या पुढे चार वर्षं इचलकरंजीत राहिल्या. शेत विकलं नाही.

उत्तमरावांचं म्हणाल तर काहीच झालं नाही. त्यांच्या जबाबात यात्रेच्या गर्दीत चुकामूक झाली, कुणीतरी चुकीचा निरोप दिला, पोराने भाबडेपणाने विश्वास ठेवला. अशा चुकीच्या निरोपाला कायद्यात कलम नसावं. फ्लेक्स त्यांनी स्वतःच उतरवला. महिन्याभराने ते स्टुडिओत आले, पासपोर्टचा फोटो काढायला. सरळ बसले, हनुवटी खाली, डोळे उघडे. फोटो झाल्यावर पैसे काउंटरवर ठेवून, बाहेर पडता पडता थांबले.

"सर, तुमचा काढला का मग? तो चांगला फोटो?"

"नाही अजून."

"काढा," ते म्हणाले. "विसरू नका."

त्याला आता वीस वर्षं होत आली. उत्तमराव गावातच आहेत, तब्येत उत्तम, दिसले की नमस्कार करतात. मी अजून क्लास घेतो. उजेड कसा वळवायचा शिकवतो, पसारा विरघळवायला मात्र शिकवत नाही. मुलं ते मोबाइलवर आपापलं शिकून येतात.

आणि दर महिन्याच्या बारा तारखेला मी स्टुडिओच्या मागच्या भिंतीशी खुर्ची ठेवतो, डोक्यावर पानं फाडायचं कॅलेंडर येईल अशी. जुनी साधी लेन्स लावतो. फोटोच्या मागे वडिलांचा शिक्का मारून नागपूरच्या बहिणीला पोस्टाने पाठवतो. पाकिटं फेकू नकोस, एवढंच तिला सांगितलंय. तिला वाटतं, उतारवयात मला स्वतःच्या चेहऱ्याचं कौतुक वाटू लागलंय. ती एकदा फोनवर म्हणाली, "एवढा नावाजलेला फोटोग्राफर तू, आणि दरवेळी तुझा हात धूसर कसा येतो रे?"

मी तिला म्हणालो, वय झालं. खरं म्हणजे तिकाटणं पक्कं असतं. शटर उघडं असतं तेवढ्यात मी हात थोडा हलवतो.